वाचक विचारतात : आबांचं फेवर लुबा नेमकं कुणाच्या कंपनीचं?

गेल्या अंकात कपाटातल्या जुन्या वस्तूंबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, घड्याळांच्या प्रश्नांचा ढीगच पडला. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, त्यातल्या त्यात कामाचे घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण त्यात बाकीच्या चारपाच जणांचीही उत्तरं आहेत.

प्रश्न : राम राम भाऊ. आबांच्या पेटीत त्यांचं चावीचं घड्याळ सापडलं. आबा प्रताप मिलमध्ये होते आणि हे घड्याळ त्यांना लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. डायलवर फेवर लुबा, खाली जिनिव्हा आणि सी किंग असं लिहिलंय. चावी दिली की चालतं पण दिवसाला पाचसात मिनिटं मागे पडतं. मोठा भाऊ म्हणतो ही कंपनी टायटनची, मेव्हणा म्हणतो अस्सल स्विस, आणि मोबाईलवर बघितलं तर 1737 पासूनची कंपनी आहे म्हणे. खरं कोणाचं? आणि विकलं तर किती येतील? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण तुमच्या घड्याळापुरता मेव्हणा जिंकला. कसं ते सांगतो.

1737 म्हणजे इकडे थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले ते साल. त्या साली स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावात अब्राहम फाव्र नावाच्या घड्याळजीची नोंद सापडते, आणि कंपनी आपलं वय तिथून मोजते. स्विस ब्रँडांत ब्लांपां 1735 सांगतं, म्हणजे हे दोन वर्षांनी धाकटे. आता ल लोक्ल हे काय मोठं शहर नाही. ज्युरा डोंगरातलं गाव, हिवाळ्यात बर्फ पडलं की शेती बंद, गुरं गोठ्यात आणि माणसं घरात. अशा रिकाम्या महिन्यांत शेतकऱ्यांच्या हाताला घड्याळाचं काम मिळालं. कोणी नुसते स्क्रू करायचा, कोणी चाकं, कोणी काटे, आणि एक व्यापारी घरोघर माल टाकून तयार भाग गोळा करायचा आणि आपल्याकडे जोडून घ्यायचा. आपल्याकडे बायकांना घरी पापडाचं पीठ देतात आणि संध्याकाळी मोजून पापड घेतात ना, तीच रीत. शेजारचं ला शो-द-फाँ गाव 1794 मध्ये जळून खाक झालं तर लोकांनी ते नवीन आखलं, सरळ रस्ते आणि घरांना मोठमोठ्या खिडक्या, कारण कारागिराला उजेड पाहिजे. कार्ल मार्क्सनं 'कॅपिटल'मध्ये या अख्ख्या गावाला एक मोठा घड्याळ कारखानाच म्हटलंय. 2009 पासून ही दोन्ही गावं युनेस्कोच्या यादीत आहेत.

तर फाव्र घराणं पिढ्यानपिढ्या हेच करत राहिलं. 1815 मध्ये ऑग्युस्त लुबा नावाचा व्यापारी भागीदार झाला आणि नाव झालं फाव्र-लुबा, आपल्या तोंडी फेवर लुबा. घड्याळ करणारा एक आणि विकणारा एक, धंद्याला अजून काय पाहिजे.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि मला हीच जास्त आवडते. या घराण्यातला फ्रिट्झ फाव्र 1865 मध्ये हिंदुस्थानात आला. तेव्हा सुएझ कालवा उघडायला अजून चार वर्षं होती. पण ते साल नीट बघा. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी, आणि मग आपल्या खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला जो भाव चढला त्यानं मुंबईत पैशाचा पूर आला. जीआयपी रेल्वे त्याच दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढे सरकली आणि 1867 ला नागपुरात पोचली. स्विस लोक तर मुंबईत आधीच कापसात होते, व्होल्कार्ट ब्रदर्स ही पेढी 1851 मध्ये विंटरथूर आणि मुंबई अशी दोन्हीकडे एकदमच सुरू झालेली (हेच व्होल्कार्ट पुढे 1954 मध्ये टाटांबरोबर आले आणि व्होल्टास झाली, तुमच्या घरचा एसी). गंमत अशी की 1865 ला युद्ध संपलं, कापूस कोसळला, मुंबईचा शेअरबाजार बुडाला, आणि नेमका त्याच साली फ्रिट्झसाहेब घड्याळं घेऊन येतात. तरी धंदा बसला नाही. माझं मत विचाराल तर त्याचं कारण रेल्वे. तेजी गेली पण रूळ, पोस्ट, तारखातं, बँका आणि गिरण्या मागे राहिल्या, आणि या सगळ्यांना मिनिटाचा हिशोब लागतो. सूर्य डोक्यावर आला म्हणून गाडी सुटत नाही. त्यात मुंबईचा टाइम वेगळा आणि रेल्वेचा मद्रास टाइम वेगळा, दोघांत साधारण अर्ध्या तासाचा फरक, म्हणजे स्वतःजवळ घड्याळ असलं तरी ते कोणत्या टाइमवर लावलंय हे विचारायला लागायचं.

तिथून पुढे शंभर वर्षं फेवर लुबा इकडे एवढं रुळलं की कितीतरी लोकांना ही कंपनी मुंबईचीच वाटायची. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई, आयातीवर बंधनं, त्यामुळे स्विस घड्याळ म्हणजे अप्रूप आणि स्मगलिंगचा लाडका माल. किती लाडका ते कायद्यात दिसतं. 1962 च्या कस्टम्स कायद्याच्या 123 व्या कलमात सोन्याच्या जोडीला घड्याळांचं नाव आहे, म्हणजे कस्टमवाल्यांनी संशयावरून घड्याळ पकडलं तर ते चोरीछुपे आणलेलं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. आबांच्या पेटीत जुनं बिल किंवा गॅरंटी कार्ड असेल तर फेकू नका, त्या काळी लोक ते घड्याळापेक्षा जास्त जपायचे.

कंपनीचे सगळ्यात चांगले दिवस म्हणजे 1955 ते 70. आबांचं सी किंग बहुतेक याच आगेमागे घेतलेलं असावं. याच काळात त्यांनी स्वतःची मशीन बनवली, दोन स्प्रिंगांची पातळ मशीन काढली, 1962 मध्ये बिव्हॉक नावाचं घड्याळ आणलं ज्यात हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची कळायची, 3000 मीटरपर्यंत, तेही मनगटावर आणि सेलबिल काही नसताना. 1968 मध्ये उलटं केलं, बॅथी नावाचं घड्याळ पाण्यात किती खोल गेलात ते दाखवायचं. तुम्हीआम्ही तापीच्या पुलावर उभं राहून बघणारी माणसं, आपल्याला काय उपयोग, पण कंपनीची अक्कल कुठपर्यंत पोचली होती ते यातून कळतं.

मग क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ आलं (त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात) आणि 1980 च्या दशकात कंपनी घराण्याच्या हातातून गेली. नाव या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिलं, मधे लुई व्हितॉवाल्या एलव्हीएमएच ग्रुपकडेही होतं. 2011 मध्ये टायटननं ते 20 लाख युरोला घेतलं. म्हणजे तुमचा मोठा भाऊ बरोबर, पण जुना झाला, कारण 2023 मध्ये टायटननं ते विकलं आणि आता ते एथोस या भारतीय घड्याळ कंपनीच्या उपकंपनीकडे आहे, घड्याळं स्वित्झर्लंडमध्येच बनतात. म्हणून दुकानात नवीन फेवर लुबा दिसलं आणि जाहिरातीत 1737 वाचलं तर एवढं लक्षात ठेवा की नाव तेच आहे, पण आबांचं घड्याळ करणारं ते घराणं आणि तो कारखाना यांचा धागा मधेच तुटलेला आहे. तुमच्या पेटीतलं घड्याळ मात्र तुटायच्या आधीचं आहे.

किमतीचं म्हणाल तर साधं सी किंग विकून तुमचं नशीब उघडणार नाही, ही घड्याळं इकडे भरपूर खपली त्यामुळे बाजारात भरपूर आहेत. बिव्हॉक किंवा बॅथी असतं तर गोष्ट वेगळी. विकू नका, सर्व्हिसिंग करून घाला. पाचसात मिनिटं मागे पडतंय म्हणजे बहुतेक आतलं तेल सुकलंय. सुकलेल्या तेलात मशीन चालवत राहिलं की चाकांच्या अक्षांची टोकं झिजतात आणि मग खर्च वाढतो, तेव्हा आत्ता चावी देणं बंद करा. आणि घड्याळवाल्याला आधीच विचारा की पूर्ण खोलून धुणार का. नुसतं झाकण उघडून दोन थेंब तेल सोडणारे पण आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालोय. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला स्विस घड्याळापुढे कोणी बोलायचंच नाही. मग एवढ्या भारी कंपन्या जपानी सेलच्या घड्याळापुढे आडव्या कशा झाल्या? झोपले होते का? — भुसावळ

उत्तर : नाही काका, आणि ही झोपल्याची गोष्ट सगळीकडे सांगतात म्हणून मुद्दाम खोडून काढतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचा नमुना स्विस लोकांनीच 1967 मध्ये न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत बनवला होता, बीटा 1 नाव त्याचं. सेइकोनं जपानात ॲस्ट्रॉन विकायला काढलं ते 25 डिसेंबर 1969 ला, आणि किंमत साडेचार लाख येन, तेवढ्यात तिकडे छोटी मोटार यायची. म्हणजे सुरुवातीला ते काही गरिबाचं घड्याळ नव्हतं.

फरक पडला तो पुढे. जपानी कंपन्या थोड्या आणि मोठ्या, सगळं एका छपराखाली, त्यांनी किंमत दरवर्षी पाडत नेली. स्विस बाजूला शेकडो छोटे कारखाने, एक चाक करतो एक डायल करतो, ती हिवाळ्यातली जुनी व्यवस्थाच मोठी झालेली, तिला एकदम वळवणार कोण? आणि दुसरं कारण कोणी सांगत नाही ते म्हणजे चलन. 1971 पर्यंत एका डॉलरला चारच्या वर फ्रँक मिळायचे, 1978 संपेपर्यंत दोनपेक्षाही कमी झाले. घड्याळात काहीही न बदलता अमेरिकेच्या दुकानात ते दुपटीहून महाग. क्वार्ट्झ नसतं आलं तरी मार बसलाच असता, असं माझं ठाम मत आहे. घड्याळ धंद्यात 1970 च्या सुमाराला तिथे साधारण 90 हजार माणसं होती, 80 च्या मधल्या वर्षांत तीस हजारांच्या आसपास उरली.

सावरलं ते 1983 मध्ये, दोन बुडीत गट एकत्र करून आणि स्वॉच काढून. प्लॅस्टिकचं, फक्त 51 भागांचं, क्वार्ट्झचंच. ज्यानं मारलं त्यालाच कामाला लावलं.

आपल्याकडे एचएमटीनं 1961 मध्ये बंगलोरला जपानच्या सिटीझनबरोबर सुरुवात केली आणि पुढची पंचवीस वर्षं सरकारी साहेबापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांच्या मनगटावर तेच, मग 1987 पासून टायटनची क्वार्ट्झ बाजारात आली आणि एचएमटीचीही तीच गत झाली. त्यामुळे स्विसवाल्यांना हसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : भाऊ, पप्पांच्या वाढदिवसाला ऑनलाइन जुनं स्विस घड्याळ मागवलं. फोटोत भगवं चकचकीत डायल एकदम भारी वाटलं, हातात आल्यावर काहीतरी खटकतंय. साठ वर्षं जुनं घड्याळ एवढं नवं कसं? — चोपड्याची एक वाचक

उत्तर : ताई, तुमचा डोळा पक्का आहे. याला जुनी घड्याळं जमवणारे लोक बॉम्बे डायल म्हणतात. जुनं डायल डागाळलं की ते घासून त्यावर नव्यानं रंग आणि छपाई करतात, बऱ्याचदा मूळ कंपनीनं कधी काढलाच नाही असा रंग. मशीन खरं असू शकतं, पण तीन घड्याळांचे भाग एकात असंही चालतं.

घरच्या घरी बघायचं तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून डायलवर धरा. अक्षरांच्या कडा पसरलेल्या आहेत का, मिनिटांच्या बारीक रेघा आणि तासांच्या पट्ट्या एका ओळीत येतात का, सहाच्या खाली स्विस मेड आहे का आणि ते वाकडं तर नाही, चावीच्या बाजूला रंग जाड साचलाय का. मग घड्याळवाल्याकडून मागचं झाकण उघडून घ्या. फेवर लुबाच्या स्वतःच्या मशीनवर कंपनीचं नाव आणि एफएल 101, एफएल 251 असा नंबर कोरलेला असतो. झाकणावर एक नाव आणि मशीनवर भलतंच निघालं तर समजून जा. परत करायची मुदत असेल तर करा परत. नसेल आणि पप्पांना आवडलं असेल तर गुपचूप घालू द्या, वेळ तर दाखवतंय.

प्रश्न : आमच्या घड्याळाचे काटे पूर्वी रात्री हिरवे चमकायचे, आता नाही चमकत. घड्याळवाला म्हणतो जुना रेडियम खरवडून नवीन लावून देतो. देऊ का? — रावेर

उत्तर : नका देऊ! हे हलक्यात घेऊ नका. 1960 च्या दशकापर्यंत कितीतरी घड्याळांना खरंच रेडियमचा रंग असायचा. चमक जाते ती त्यातली चमकणारी पावडर मरते म्हणून, रेडियम तसंच असतं, त्याचं निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. बंद काचेच्या आत पडून असलं तर धोका थोडा, पण खरवडलं की धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाणं हे सगळ्यात वाईट, तुमच्या घड्याळवाल्यासाठी तर जास्तच. त्याला पण हे वाचून दाखवा. डायलच्या तळाला टी स्विस टी असं असेल तर ते ट्रिटियम, रेडियमपेक्षा बरंच सौम्य, तरी खरवडू नयेच. आणि काच फुटलेलं जुनं चमकवालं घड्याळ लहान पोरांच्या हातात अजिबात नको.

प्रश्न : मे महिन्यात जळगावला 45-46 डिग्री जातं तेव्हा बाबांचं चावीचं घड्याळ मागे पडतं असं बाबा म्हणतात. आई म्हणते तुमचंच डोकं तापलंय. कोण बरोबर? — अकरावी सायन्स, जळगाव

उत्तर : बाळा, फिजिक्स बाबांच्या बाजूनं आहे, निदान थोडं. चावीच्या घड्याळात एक छोटं चाक मागेपुढे डुलतं आणि केसासारखी बारीक गुंडाळी स्प्रिंग त्याला परत ओढते. उष्णतेनं साध्या पोलादाची स्प्रिंग ढिली पडते, ओढ कमी, चाक सावकाश, घड्याळ मागे. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डेंट या इंग्रज घड्याळजीनं मोजलं होतं, काहीच उपाय न केलेलं घड्याळ 60 फॅरनहाइट अंशांच्या फरकानं दिवसाला 393 सेकंद मागे पडलं, म्हणजे साडेसहा मिनिटं. 60 फॅरनहाइट म्हणजे सेल्सियसचे 33 अंश, आपल्या जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यात जवळपास तेवढाच फरक येतो की!

यावर इलाज काढला शार्ल-एदुआर्द गियोम यानं, ज्युरामधल्या फ्लरिए गावच्या घड्याळजीचा मुलगा. लोखंड आणि निकेलचे असे मिश्रधातू शोधले की एक तापल्यावर जवळजवळ फुगतच नाही आणि दुसऱ्याची लवचिकता बदलत नाही, इन्व्हार आणि एलिन्व्हार. त्याला 1920 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, आईनस्टाईनच्या एक वर्ष आधी. 1930 च्या दशकात त्याच वाटेनं निव्हारॉक्स नावाची स्प्रिंग आली आणि नंतरच्या बहुतेक चांगल्या घड्याळांत तीच जात बसते. त्यामुळे बाबांचं घड्याळ 60 च्या दशकानंतरचं असेल तर उन्हाळ्यानं फार तर काही सेकंद जातील. मिनिटं जात असतील तर तेल सुकलंय, सर्व्हिसिंगला टाका. आणि दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरू नका, तिथे 46 नाही, कितीतरी जास्त होतं.

प्रश्न : घड्याळावर 17 ज्वेल्स लिहिलंय. सराफाकडे नेलं तर काही मिळेल का? — शिरपूर

उत्तर : जळगावच्या सराफ बाजारात नेलं तर चहा मिळेल. आत 17 माणकं खरंच असतात, पण कारखान्यात बनलेली, 1902 मध्ये ऑग्युस्त व्हर्नई या फ्रेंच माणसानं कृत्रिम माणिक बनवायची रीत जाहीर केली तेव्हापासून ती स्वस्तच. काम त्यांचं दागिन्याचं नाही, चाकांचे अक्ष त्यांच्या भोकात फिरतात म्हणजे घर्षण कमी आणि झीज कमी. साध्या चावीच्या घड्याळाला 17 पुरतात, 50 ज्वेल्सच्या जाहिरातीला भुलू नका.

प्रश्न : बाजारात 800 रुपयांना स्विस मेड घड्याळ देत होता, घ्यावं का? — नंदुरबार

उत्तर : 800 ला स्विस पट्टा पण येत नाही भाऊ. 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे मशीन स्विस पाहिजे, ते तिथेच केसमध्ये बसवलेलं आणि शेवटचं तपासलेलं पाहिजे, आणि बनवायच्या खर्चातला किमान 60 टक्के भाग तिथे झालेला पाहिजे. पोराला शाळेत घालायला घ्यायचं असेल तर घ्या खुशाल, पण 250 पर्यंत उतरवा.